सात नंबरची चिमणी

गच्चीवर एकंदर चौदा.
नकाशावर मी त्यांना आकडे दिलेत,
पण काम करताना आकडे टिकत नाहीत:
लसणीची पाकळी, अळंबी,
मान अवघडलेली बाई,
आणि ही सातवी,
पिळून उभा ठेवलेला ओला पंचा.

बार्सिलोना, ग्रासिया पेठ, मार्च महिना.
वारा समुद्राकडून, ओठांवर किंचित खारट.
शंभरावर वर्षांपूर्वी कुणा वास्तुकाराने
घराच्या डोक्यावर हे मांडलं.
जिथे रस्त्यावरून नजर पोचत नाही
नेमका तिथेच हात सैल सोडला.
फुटक्या बशा, बाटल्यांची हिरवी बुडं,
एका कपाचा तर कान तसाच्या तसा
चुन्यात दाबलेला.
मी रोज त्या कानाजवळून जाते
आणि काही बोलत नाही.

माझं काम: सुटलेले तुकडे काढायचे,
दात घासायच्या ब्रशने धुवायचे,
पाठीवर पेन्सिलने जागा लिहायची,
परत तिथेच बसवायचे.
सातवीवर हिरवे एकशे बारा. नऊ हरवलेत.
एउडाल्ड म्हणतो, नवे भाजून घेऊ.
मी म्हणते, थांब जरा.

तिसऱ्या मजल्यावरच्या रेमेईबाई
सत्त्याऐंशीच्या. लिफ्ट वरपर्यंत येत नाही.
शेवटच्या एकवीस पायऱ्या त्या बसत बसत चढतात,
आणि वाळत घालायला काही नसलं
तरी खिशात चिमटे घेऊन येतात.

आज आम्ही दोरीने आत कॅमेरा सोडला.
पहिलीत काजळी.
तिसरीत काजळी, पारव्याचं जुनं घरटं.
चिमण्यांत चिमणी कधीच सापडत नाही.
पाचवीत एक रबरी चेंडू,
कुणाचा तरी रडून विसरलेला.
सातवीत दोन हात खाली गेल्यावर वीट.
पक्की, मूळची, धुतल्यासारखी स्वच्छ.

एउडाल्डने वहीत लिहिलं:
सात. आत नळी नाही.
कुठल्याच चुलीला जोडलेली नाही. शोभेची.
मी ते मोठ्याने वाचलं.
वाचायला नको होतं.

रेमेईबाईंच्या हातातला चिमटा
उघडला, मिटला, उघडला.

म्हणाल्या,
युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात बाबा सीमेकडे गेले.
मी सात वर्षांची.
आई ह्या घराची दारवान. किल्ल्या तिच्याकडे,
कोळशाचा हिशोब तिच्याकडे,
कुठली चूल कुठून धूर सोडते, तोंडपाठ.
मला वर आणून तिने हिच्याकडे बोट केलं:
हिच्यातून धूर निघाला की समज,
बाबा आले.

अकरा वर्षं बघितलं मी.
बाकीच्या तेराजणी आपापला स्वयंपाक
आभाळाला सांगायच्या,
डॉक्टरांकडचं हाडांचं सूप,
विडाल बहिणींकडचा करपलेला कोबी.
ही तेवढी कोरडी.
आईचा राग यायचा.
एवढ्या चौदांत तिला हीच कशी सापडली, अपशकुनी.

वारा सातवीच्या तोंडावरून गेला.
बूड बंद असलं की घुमतंच,
रिकाम्या बाटलीसारखं.
आम्ही तिघंही ते ऐकत राहिलो,
तिघांनाही पहिल्यांदाच त्याचं कारण कळलेलं.

मग त्या हसल्या. खोकला येईपर्यंत.
दुसरी कुठलीही दाखवली असती ना,
तर मी रोज संध्याकाळी
हा जिना धावत उतरले असते.

एउडाल्डने पेन काढलं, शोभेची खोडायला.
त्या म्हणाल्या, राहू दे. शब्द बरा आहे.
हातातला चिमटा माझ्या ॲप्रनला लावला,
आणि पाठमोऱ्या वळल्या,
कारण उतरताना त्या उलट्या उतरतात,
शिडीवरून उतरावं तशा,
चेहरा शेवटपर्यंत गच्चीकडे ठेवून.